गेनबांची बॅटरी

बॉनेट उघडून साईनाथने बॅटरीकडे पाहिलं आणि त्याला पुन्हा एकदा नवल वाटलं.

महिनाभर गाडी अंगणातून हललेली नव्हती. निदान घरचे तसं सांगत होते. तरी मघाशी किल्ली फिरवताच ती पहिल्या फटक्यात सुरू झाली होती. हडपसरला तो राहायचा त्या सोसायटीत लोकांच्या गाड्या पंधरा दिवस उभ्या राहिल्या, की धक्का मारायला माणसं शोधावी लागत. त्याच्या वडिलांची ही पांढरी मारुती मात्र कधी रुसलीच नाही.

"देवाची किरपा," गेनबा म्हणाले. "रोज सकाळी हळद-कुंकू वाहतो तिला."

"अण्णा, बॅटरी कुंकवावर चालत नाही."

"मंग चालती कशी? तूच सांग की, इंजिनेर हायस."

साईनाथकडे उत्तर होतं, पण ते बापाच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. हिंजवडीतलं रान आयटी पार्कात गेलं, तेव्हा गेनबांनी ही गाडी घेतली. ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्याभोवती गुळगुळीत रस्ते झाले. त्या रस्त्यांवरून गेनबा जत्रेत आल्यासारखे, आ वासून, गाडी हिंडवायचे. मग मागच्या वर्षी हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि छातीत पुन्हा कळ आली, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठायचा.

गेनबांनी मान डोलावली होती. त्या मानेवर साईनाथचा काडीचा विश्वास नव्हता. ड्रायव्हरची सीट दर खेपेला पुढे ओढलेली सापडायची, आणि गेनबा त्याच्यापेक्षा चांगले बुटके होते. आता कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. म्हातारा आपल्या माघारी गुपचूप गाडी काढणार आणि रस्त्यातच छाती धरून बसणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

म्हणून हा कट-ऑफ स्विच.

"गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी थोडी थोडी उतरत जाते," तो पाना फिरवत म्हणाला. "हा मध्ये बसवला, की उतरायची भीती नाही."

त्याने बॅटरीवरची निगेटिव्हची क्लॅम्प सोडवली, तिथे पितळी स्विच बसवला आणि क्लॅम्प त्या स्विचवर आवळली. स्विचला एक हिरवी मूठ होती. ती आवळली की करंट चालू. फिरवून काढून घेतली की गाडी ठार. ती मूठ आपल्याच खिशात राहणार आहे, हे मात्र तो बोलला नाही.

आतून त्याची आई, मुक्ताबाई, आल्या आणि बॉनेटखाली वाकून बघायला लागल्या.

"आन् मूठ हरवली तर?"

"आई, लांब हो. शॉक बसेल."

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आईला एवढं समजावत कोण बसणार?

त्याने वडिलांकडे रोखून पाहिलं. "अण्णा, खरं सांगा. तुम्ही गाडी बाहेर काढता?"

"आईची आण. डाक्टर बोलल्यापास्नं मी स्टेरिंगला शिवलो न्हाई."

"शिवू दे की त्यास्नी," मुक्ताबाई म्हणाल्या. "मी बसलीया न्हवं हितं." आणि त्या भाकऱ्या करायला आत गेल्या.

दोघांचे चेहरे इतके साळसूद होते, की अण्णा गाडी काढतातच, अशी साईनाथची खात्रीच पटली. गेनबा हात धुवायला वळले तशी त्याने मूठ काढली आणि खिशात टाकली. शेजारचे तात्याराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मूठ त्यांच्याकडे ठेवायची, वेळ आली तर त्यांनीच गाडी काढायची, असं त्याने ठरवलं होतं. तात्याराव परगावी गेले होते, संध्याकाळी येणार होते. एका दिवसाने काय बिघडतंय, म्हणून साईनाथ हडपसरच्या ऑफिसला गेला.

दुपारी हिंजवडीजवळच्या दवाखान्यातून फोन आला. "गेनबा तुमचे वडील ना? ॲडमिट केलंय. लगेच निघा."

रिक्षात त्याचा हात खिशात गेला आणि मुठीला लागला. बापाचा जीव वाचवायला म्हणून आपणच दारातली गाडी मारून ठेवली होती. त्यांना कशावर घालून नेलं असेल? किती वेळ गेला असेल? हडपसर ते हिंजवडी हा रस्ता त्या दिवशी संपता संपेना.

डॉक्टर दारातच भेटले. "वाचले! आणखी थोडा उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं. आभार त्या गाडीवाल्याचे माना. कंपन्यांच्या एवढ्या बसेसच्या गर्दीतून पांढरी मारुती इतक्या लवकर इथे पोचली कशी, मला तर कळत नाही."

तात्याराव लवकर परतले असणार. पण मूठ तर खिशात होती! मग गाडी सुरू झाली कशी? उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की गेनबांच्या कुंकवात खरंच काहीतरी असावं. तात्यारावांचे पाय धरायला तो बाहेर धावला.

गाडी दाराशीच तिरकी उभी होती, बॉनेट अर्धवट लागलेलं. त्याने ते उचललं. स्विच सोडवून बाजूला ठेवला होता. क्लॅम्प पुन्हा थेट बॅटरीवर बसवलेली, हलवून पाहिली तरी हलेना. शेजारी एक सांडशी पडली होती. साईनाथने ती उचलून पाहिली.

मागे अँब्युलन्सचा भोंगा वाजला.

"साईनाथा, बाजूला सर. वाट आडलीया," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेट आपटून लावलं, पदर खोचला, ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागे मान वळवली आणि दोन अँब्युलन्सच्या मधून गाडी एका दमात रिव्हर्समध्ये बाहेर काढली.