बंद माइक

ऑनलाइन परिषदेच्या तयारीची ही शेवटची बैठक होती. गणिताचं ते मोफत सॉफ्टवेअर हौसेनं सांभाळणारी मंडळी पडद्यावर आपापल्या चौकोनात बसली होती.

"पहिलं भाषण काकांचंच ना?" वेबसाइटवाल्यानं विचारलं. सॉफ्टवेअरची पहिली ओळ काकांनी लिहिली होती.

"विचारलं मी. तब्येत बरी नाही, नको म्हणाले," संयोजक ताईनं ठोकून दिलं. विचारलं होतं कुठे? ते भाषण तिनं स्वतःकडेच ठेवलं होतं.

तिनं माइक बंद केला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. तेव्हा तिचं स्वतःच्या चौकोनाकडे लक्ष गेलं. तिथल्या तिच्या हातात पेला नव्हता. ती बोलत होती.

ताईला स्वतःला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. बाकीचे मात्र कान देऊन ऐकत होते. वेबसाइटवाल्यानं मान खाली घातली.

तिनं कॅमेरा बंद केला. चौकोन तसाच राहिला.

एक नवा चौकोन उघडला. काका. चष्मा काढून ते डोळे पुसत होते.

तिच्या कानाच्या पाळ्या शरमेनं तापल्या. तिनं तोंडावर हात दाबला, तरी पडद्यावरचे ओठ हलतच होते. तिनं लॅपटॉप खाडकन मिटला.

आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. तिच्याकडे न बघता त्या मिटलेल्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"थांबलीस का?" त्या हलकेच त्याला म्हणाल्या. "ऐकतेय मी. आणखी काय काय केलंस?"