बंदरापर्यंत

“सगळ्यात लांब कुठवर नेलीत?” गिऱ्हाइकाने विचारलं.

एवढा वेळ गाडी विकणाऱ्याच्या तोंडाचा पट्टा नुसता चालू होता. शंभराहून जास्त वर्षांची गाडी. भंगारातून आणली तेव्हा पत्र्यातून हात आरपार जायचा. बारा वर्षं खपून त्याने ती उभी केली होती. पितळी दिवे, पितळी रेडिएटर, चौघांना ऐसपैस जागा, दुमडून ठेवता येणारं कापडी छत. लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली. आणि गिऱ्हाईक तरी किती साजेसं! नुकतेच निवृत्त झालेले डॉक्टर आणि त्यांची बायको. दोघांना हिच्यातून देशभर हिंडायचं होतं.

या एका प्रश्नावर मात्र तो अडखळला.

“कोपऱ्यापर्यंत,” तो म्हणाला. “म्हणजे कसं, रस्त्याला खड्डे फार. एखादा दगड उडाला, पोचा पडला तर...”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. “मग लांब चालेल हे कशावरून म्हणता?”

“बंदरापर्यंत गेलीय,” मागून आवाज आला.

शेडच्या दारात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“एकशे दहा किलोमीटर जायला, तेवढंच यायला. सपाटीला मजेत पळते. चढावर तापते, पाणी बरोबर ठेवावं लागतं. आणि ओल्या रस्त्यावर मागून जरा घसरते, तेव्हा ब्रेक आधीपासून धरायचा. घेणाऱ्याला सांगितलेलं बरं.”

गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून ही थापा मारतेय, असं त्याला वाटलं. तो कसनुसा हसला. “अगं, काहीतरीच काय!”

तिने ट्रे बाकावर ठेवला. स्टिअरिंगखालची ठिणगीची दांडी वर सारली, पेट्रोलची थोडी खाली घेतली, मग गाडीच्या पुढ्यात जाऊन वाकली. इंजिन फिरवायचं हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला. उलटा झटका बसला तर मनगट मोडू नये म्हणून तसाच ठेवायचा असतो. एक हिसका. इंजिन सुरू झालं.

त्याला स्वतःला पाच-सहा हिसके लागायचे.

तो म्हणाला, “तू... कधी?”

“तुम्ही महिन्यातले तीन दिवस पार्ट शोधत गावोगाव जाता ना, तेव्हा. तीन वर्षं झाली.”

“शिकवलं कोणी?”

“बारा वर्षं टॉर्च कोण धरत होतं?”

“आणि पेट्रोल? टाकी कमी झालेली मला दिसली असती.”

“दिसायची की. तुम्हीच म्हणायचात, जुनी टाकी आहे, उडून जातं.”

डॉक्टरांच्या बायकोने चटकन तोंडावर हात धरला. तो हसला नाही. तो बायकोकडे असा बघत होता, जणू घरात कोणी परकंच माणूस शिरलंय.

“एक चक्कर मारू या का?” डॉक्टर म्हणाले. प्रश्न तिला होता.

डॉक्टरीणबाई पुढे तिच्या शेजारी बसल्या. मागे डॉक्टर आणि तो. स्वतःच्या गाडीत तो मागे कधी बसलाच नव्हता. कोपरा मागे पडला आणि त्याने दाराची कड घट्ट धरली. खालून खडी उडाली की तो वाकून पत्र्याकडे बघायचा. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मोकळा रस्ता लागला तसा इंजिनाचा आवाज बदलला. शेडमध्ये ते खडखडायचं, इथे ते खर्जात, एका लयीत चाललं होतं. एकेक पिस्टन त्याने आपल्या हाताने बसवला होता, आणि हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

चढ अर्धा झाला तेव्हा रेडिएटरमधून वाफ निघू लागली. तिने गाडी एका पंक्चरच्या दुकानासमोर घेतली. हाक मारायच्या आधीच दुकानदार पाण्याची बादली घेऊन बाहेर आला.

“काय ताई, आज मंडळी बरोबर?” त्याने प्रत्येकाकडे बघून घेतलं. “आणि हे?”

“माझे मिस्टर. गाडी ह्यांनीच उभी केली.”

“अस्सं होय!” दुकानदाराने हात पँटला पुसून आदराने पुढे केला. “मग साहेब, तुम्ही कसे कधी येत नाही?”

त्याचा हात दुकानदाराच्या हातात तसाच राहिला.

“घेतली!” डॉक्टर खाली उतरता उतरता म्हणाले. “रविवारी येऊन नेतो. काय, ठरलं ना?”

याच शब्दासाठी तो महिनाभर झुरत होता. एका गोदामात दुसरी गंजकी गाडी त्याने हेरून ठेवली होती, ही गेली की ती आणायची. पण आता त्याने बायकोकडे हात केला.

“मला काय विचारता?” तो म्हणाला. “हिला विचारा.”

तिने पाणी ओतायचं थांबवलं नाही. “डॉक्टर, खरंच चालवणार ना? झाकून नाही ना ठेवणार?”

“झाकून ठेवायला आमच्याकडे दिवस कुठे उरलेत?”

“मग खुशाल न्या. पण रविवारी नको, सोमवारी या.”

ती बादली परत द्यायला वळली. तो तिच्या मागोमाग गेला. इतक्या वर्षांत तिला असं दबकत त्याने काही विचारलं नव्हतं.

“रविवारी काय आहे?”

“बंदर.” तिने हात झटकले आणि त्याच्याकडे पाहिलं. “या हवं तर. शेजारची सीट रिकामीच असते.”