खडीचा थर

नोकरी गेल्यापासून मासानोरी घराबाहेर पडत नव्हता. बायको चिगुसा मुलीला घेऊन पळू पाहत होती, तेव्हा त्याने तिचं मनगट मोडलं होतं. आता त्याने पायाखाली करकरून चोराची चाहूल देणारी खडी मागवली. घराभोवती चार सेंटीमीटर जाडीने बरोब्बर पुरेल एवढी दुकानदाराने मोजून पाठवली.

दारापुढे थोडी पसरून झाल्यावर त्याने तिला केस धरून खडीवर ढकललं. "चाल! पळायची फार हौस ना तुला?"

ती अंग चोरून चालली. फारसं वाजलं नाही, म्हणून थोबाडीत बसली.

"अहो, थर दुप्पट करा," ओठावरचं रक्त पुसत ती म्हणाली. "मांजर गेलं तरी ऐकू येईल."

"आली की अक्कल!"

अर्ध्या घरालाच खडी संपली. थर दुप्पट केला की जागा निम्मीच झाकली जाते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. "चोर साला! निम्मीच पाठवली!" म्हणत तो फावडं घेऊन गाडीत बसला.

चिगुसाने दुकानदाराला फोन करून शटर ओढून पोलिसांना बोलवायला सांगितलं.

मग मायलेकी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी खडी वाजवत रेल्वे स्टेशनकडे निघाल्या.