बिनधुराची गाडी

"ताई, फक्त दोन शब्द," माइक पुढे करत मॅनेजर म्हणाला. "गॅसची गाडी आली तेव्हा बाबा किती खूश होते, एवढं सांगितलंत तरी पुरे."

शीतगृहाच्या दारासमोर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पेट्या उचलणारी डिझेलची फोर्कलिफ्ट काढून प्रोपेन गॅसवरची घेतली म्हणून पर्यावरणाचं बक्षीस मिळालं होतं. टेबलावर मानचिन्ह होतं आणि त्याला टेकवून ठेवलेला चालकाचा फोटो. मागच्या महिन्यात याच दाराआड, फळांच्या पेट्यांमध्ये, स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो गेला होता. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती.

त्याच्या मुलीने माइक घेतला. बाबा खूश होते हे खरं आहे, ती म्हणाली. शर्टाचा धुराचा वास गेला म्हणून आईही खूश होती. टाळ्या झाल्या. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

मग तिने पाहुण्यांना आत यायची विनंती केली. गाडी चालू करू, दार लावून घेऊ, आणि बाबांची पाळी असायची तेवढा वेळ बसू.

कुणीतरी हसलं. पाहुण्यांना थंडी बाधेल, मॅनेजर म्हणाला. मग तिच्या कानाशी लागला. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय लिहिलंय, आता कशाला उकरून काढायचं, चार मोठी माणसं आलीत.

तिने माइक तोंडापासून हलवला नाही.

"डिझेलच्या धुराने डोळे झोंबायचे. बाबा दार उघडायचे. गार हवा जाते म्हणून तुम्ही खेकसायचात, तरी उघडायचे. या गाडीत गॅस जळून निघणारं विष दिसत नाही, त्याला वास नाही. मग दार उघडायला त्यांना कुणी सांगायचं?"

मॅनेजर पाहुण्यांकडे बघत बोलू लागला. बाहेरच्या हवेला हा गॅस डिझेलपेक्षा बरा, हे कुणालाही विचारा.

"बाहेरच्या हवेला बराच आहे," ती म्हणाली. "बाबा आत होते."

तिने माइक ठेवला आणि दोन्ही हातांनी सरकतं दार ढकललं. आतलं पांढरं धुकं जमिनीलगत वाहत आलं. पहिल्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. मॅनेजर हमालांवर ओरडला, दार लावा, माल नासेल. एक म्हातारा हमाल दारापर्यंत गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. हवा परत गार करता येते साहेब, एवढंच म्हणाला.

मुलीने एक खुर्ची ओढून नेमकी दाराच्या वाटेत ठेवली आणि बसली.

मॅनेजर तिच्या आईकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी समजवा हिला."

आई उठली. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, आपली खुर्ची उचलली आणि नेऊन मुलीच्या खुर्चीला लावून ठेवली.