एकच हात

चंद्रशेखर पाचव्या चित्रापाशी थांबला आणि मागं फिरून पुन्हा पहिल्या चित्रापाशी गेला.

"रेघ तीच," तो पुटपुटला. "हात तोच."

सकाळी नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून तो रिक्षानं वडनेर भोलजीला आला होता. पुण्यात भरणाऱ्या एका प्रदर्शनासाठी तो गावोगावची चित्रं निवडत हिंडत होता. या घरातली नात, प्रतीक्षा, हिनं त्याला मोबाइलवरून चार फोटो पाठवले होते. खाली एवढंच लिहिलं होतं, 'आमच्या घरातली चित्रं.'

ओसरीत दोरीवर मांजरपाटाचे तुकडे ओळीनं टांगले होते. गेरूची लाल जमीन आणि तिच्यावर चुन्याची बारीक पांढरी रेघ. कापूस वेचणाऱ्या बाया, निंदणाऱ्या बाया, हंडे वाहणाऱ्या बाया. कुणालाच नाकडोळे नव्हते. तरी कोण दमलीय आणि कोण हसतेय, ते नुसत्या पाठीवरून कळत होतं.

बाजेवर गोजरबाई बसल्या होत्या. शहात्तरीच्या, पण ताठ. त्यांची सून संजीवनी चहाची कपबशी घेऊन दाराशी उभी होती.

"आजी, ही चित्रं किती वर्षांची?"

गोजरबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"वीस वर्सं झाले असतीन," संजीवनी म्हणाली.

"म्हणजे आजी, तुम्ही उशिराच हातात रंगाची काडी धरलीत."

"लय उशिरा," गोजरबाई म्हणाल्या. "लोकं देवाचं नाव घेतेत, त्या वयात."

"पण वीस वर्षांत रेघ एकदाही डगमगली नाही. असं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय."

"साहेब, ते चित्रं..." संजीवनी पुढं झाली.

"बोलू दे वं त्याहिले," गोजरबाईंनी तिला थांबवलं. "पाव्हना एवढ्या दुरून आला. चहा दे आधी."

चहा पिता पिता चंद्रशेखरची नजर बाजेखालच्या गाठोड्यावर गेली. त्यानं विचारलं, तर गोजरबाईंनी मानेनंच होकार दिला. त्यानं गाठोडं सोडलं आणि आतली कापडं जमिनीवर पसरली.

अकरा चित्रं होती आणि अकराही एकमेकांना अनोळखी. एकात ट्रॅक्टरला मारायच्या निळ्या ऑइलपेंटचे नुसते फराटे होते. एकात अंगठ्याच्या ठशांनी बकऱ्यांचा अख्खा कळप उठवला होता. एकावर पोत्याचे धागे चिकटवले होते. एक कापड काळंकुट्ट होतं आणि मधोमध रुपयाएवढा पांढरा ठिपका. विहिरीच्या तळातून वर पाहिलं की आभाळ दिसतं, तसा.

"हीसुद्धा घरातलीच?"

"घरातलेच. पाच-सहा वर्सातले," गोजरबाई म्हणाल्या.

चंद्रशेखर त्या काळ्या कापडापुढं बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्यानं संजीवनीकडं पाहिलं. चाळिशीची बाई होती, पदराचं टोक बोटांत पिळत होती.

"स्पष्ट बोललं तर चालेल?"

"बोला ना," उत्तर गोजरबाईंनी दिलं आणि त्या बाजेच्या काठाशी सरकल्या.

"धाडस मोठं आहे. ही विहीर तर मला सोडवत नाहीये. पण प्रत्येक चित्र काढणारा माणूस नवा वाटतो. कलावंताचा हात आवाजासारखा असतो, अंधारातसुद्धा ओळखू यायला हवा. आज हे, उद्या ते, असं केलं की कशातच मुरणं होत नाही. उमेदीच्या वयात होतं असं. पण तुमच्या तर घरातच गुरू आहे."

संजीवनीची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपण जरा जास्तच बोललो, असं चंद्रशेखरला वाटलं.

"मी एक विचारू काय?" गोजरबाई म्हणाल्या. "वीस वर्सं एकाच वाटेनं गेलं, त वाट दिसनं बंद नाही होत? पाय आपसूक चालते मंग."

म्हातारी सुनेची बाजू सावरतेय, हे त्याला आवडलं. पण प्रश्न खरा होता. तो उठून दोरीपाशी गेला.

"होतं तसं कुणाकुणाचं. इथं झालं नाही. हे सगळ्यात जुनं बघा. हंड्याचा सगळा भार बाईच्या डोक्यावर आहे. आणि हे अलीकडचं. रेघ तीच, पण भार आता टाचेत उतरलाय. हंडा झाकून टाकला तरी ही बाई पाणीच वाहतेय, हे कळेल. एका जागी खणत राहिल्याशिवाय इतकं खोल जाता येत नाही, आजी. मी पंचवीस वर्षं चित्रं पाहतोय. या टाचेपुढं मी हात जोडतो."

त्यानं खरंच हात जोडले.

संजीवनीनं पदर डोळ्यांना लावला. चंद्रशेखर तिची समजूत घालायला शब्द शोधू लागला. गोजरबाई मात्र सुनेकडं एकटक पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

त्यानं दोरीवरची नऊ चित्रं निवडली, पालथी करून एकावर एक रचली आणि खिशातून पेन काढलं.

"मागच्या बाजूला सही लागेल. नाव नीट वाचता येईल असं लिहा."

त्यानं पेन गोजरबाईंपुढं धरलं. त्यांनी ते घेतलं, संजीवनीला जवळ बोलावलं आणि तिच्या मुठीत दिलं.

"घे, कर सह्या. मी चांगलं म्हनलं असतं त सासू मन राखते, असं वाटलं असतं तुले. आता परक्या मानसानं सांगतलं."

मग त्या जमिनीवर पसरलेल्या कापडांकडं वळल्या.

"आन् साहेब, तेवढे माहे अकरा उचलून द्या मले. खाली वाकता नाही येत आताशा."