खुर्चीवरचा नवा माणूस

‘‘गाडीच्या चाव्या यांच्याकडे दे,’’ आई म्हणाली. ‘‘आणि हॉटेलांचे फोनही आजपासून हेच घेतील.’’

लाँड्रीच्या काउंटरमागे चष्मा लावलेले एक गृहस्थ अवघडून उभे होते. ताईने चाव्या त्यांच्या हातावर ठेवल्या. ठेवल्या कसल्या, आपटल्याच. कॉलेज संपल्यापासून मशिनं सोडून बाकी सगळा कारभार तीच बघत होती. कुठल्या हॉटेलच्या चादरी कधी उचलायच्या, कुठल्या दवाखान्याचे कपडे वेगळे उकळायचे, सगळं तिच्या तोंडपाठ. प्रेसवरच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा तिला ताईच म्हणायच्या. आणि आज तिच्या खुर्चीवर हा कोण कुठला माणूस!

कारण उघड होतं, निदान तिला तरी. आठवड्यापूर्वीच एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला होता आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. मामा म्हणाला, ‘‘झाकली मूठ एकदा उघडली ती उघडली, पुन्हा कशाला?’’ प्रेसवरची मावशी म्हणाली, ‘‘मेली ती परीक्षाच बिनडोक असेल.’’ आणि आईने थेट माणूस आणून उभा केला.

‘‘म्हणजे तिकडेही नापास आणि इकडेही,’’ ताई म्हणाली.

‘‘इथे उभी राहू नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘वाफेने डोकं धरतं.’’

ताई वरच्या खोलीत गेली. खाली मशिनं फिरायला लागली की या खोलीतलं टेबल थरथरायचं. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. आपलं कुठे चुकलं, ते तिने डोकं शांत ठेवून शोधायला घेतलं. परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकापर्यंत ती हरवलेल्या टेबलक्लॉथवरून एका हॉटेलशी फोनवर भांडत होती. मग आत जाऊन एकाच गणिताशी तिने असा काही वाद घातला, जणू त्या गणिताने तिचा अपमानच केला होता. तोवर अर्धा पेपर तसाच राहिला. कमी पडला होता तो वेळ. अक्कल नव्हे.

तिने त्याच संध्याकाळी पुढच्या परीक्षेला नाव घातलं. आता नाकावर टिच्चून पास व्हायचं, आणि एकदा इथून गेलं की या वाफेत परत पाऊल टाकायचं नाही.

पुढे अभ्यासाला वेळच वेळ होता, पण त्या वेळाला काटे होते. ती खाली मदतीला आली की आई म्हणायची, ‘‘यांना करू दे.’’ एकदा चष्मेवाल्यांनी दोन हॉटेलांचे टॉवेल अदलाबदल करून पाठवले. दोन्हीकडून फोनवर फोन. ताई धावत जिना उतरली, तर आई शेवटच्या पायरीवर आडवी उभी.

‘‘चुकू दे त्यांना. चुकल्याशिवाय शिकणार कसे?’’

‘‘माझ्या चुका कधी चालल्या नाहीत तुला!’’

आई बाजूला झाली नाही. ताई पाय आपटत वर गेली आणि त्या रागात तिने गणितांचा अख्खा धडा संपवला.

परीक्षेच्या दिवशी तिने केंद्राच्या दारात फोन बंद केला. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता. लाँड्रीचं तिच्यावाचून काही अडत नव्हतं. हायसं वाटायला हवं होतं, पण जरा टोचलंच.

आत मात्र ती निवांत होती. पहिलं अवघड गणित आलं. लाँड्रीत हट्टी डागाची चादर आली की ती वेगळ्या टबात टाकतात. तिच्यापायी बाकीच्या चादरी खोळंबून ठेवत नाहीत. ताईने ते गणित तसंच टबात टाकलं आणि पुढे गेली. दुसरं सुटलं. तिसरं सुटलं. मग सुटतच गेली. शेवटी संगणकाच्या पडद्यावर गुणांचा आकडा आला, तो बघून ती मोठ्याने हसली. पर्यवेक्षक बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पण त्यांनाही हसू आवरेना.

ती तडक लाँड्रीत आली. आई एक चादर उजेडात धरून डाग शोधत होती.

‘‘मिळाले,’’ ताई म्हणाली. ‘‘आता कुठल्याही कॉलेजच्या दारात ताठ मानेनं उभी राहीन.’’

आईने चादर खाली केली. लेकीकडे नीट, सावकाश पाहिलं.

‘‘जेवलीस का?’’ तिने विचारलं. मग, ‘‘बॉयलर बघून येते,’’ म्हणाली आणि बॉयलरच्या नेमक्या उलट्या दिशेला निघून गेली.

बस, एवढंच? कौतुकाचा एक शब्द नाही? ताई काउंटरकडे वळली. चष्मेवाले खुर्चीवर बसून फोनवर कुणालातरी उशांचे अभ्रे मोजून सांगत होते. आता त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

‘‘अभिनंदन, ताई.’’

‘‘अभिनंदन तुमचंच,’’ ती म्हणाली. ‘‘मी चालले. खुर्ची आता कायमची तुमची.’’

‘‘कायमची?’’ ते गोंधळले. ‘‘छे हो. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय मला, ‘माझी मुलगी शिकायला जातेय. ती परत येईपर्यंतच तुम्ही.’ ’’