यंत्राची चूक

"माणूस झोपलंय, बसलंय की चालतंय, हे यंत्राला नीट ओळखता येतं का, तेवढंच तपासायचंय," डॉक्टरबाई ओसरीवर म्हणाल्या. "चालणारी माणसं पुष्कळ मिळाली. कधीच न उठणारं माणूस हवं होतं."

"मंग बराबर घरी आलात," भुजंग म्हणाला. आत जाऊन त्यानं आईला एवढंच सांगितलं, "दवाखान्याचा पट्टा हाय. सोडू नको." आणि वडीगोद्रीच्या फाट्यावरचं टायरचं दुकान उघडायला निघून गेला.

काडेपेटीएवढं यंत्र पट्ट्यानं गोजरबाईच्या मांडीला बांधलं गेलं. सून केशरबाईनं लुगडं सारखं केलं.

गोजरबाई घराच्या माळवदावरून पडून कमरेखाली लुळी झाली, त्याला बरीच वर्षं झाली होती. केशरबाईला मूल नव्हतं. भुजंगनं राजूरच्या मुलीशी दुसरं लग्न जवळजवळ ठरवलं होतं. पण अंथरुणावरच्या सासूचं हगणंमुतणं काढायला लेक कोण देणार? ते लग्न फिसकटलं. काम केशरबाईच्याच गळ्यात राहिलं. कितीही धुतले तरी तिच्या हातांचा वास जात नसे.

आठवड्यानं डॉक्टरबाई परत आल्या. भुजंग दुकानात होता. ओसरीवर बसून त्यांनी यंत्र लॅपटॉपला जोडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दुपारी तुम्ही घरी नसता?" त्यांनी केशरबाईला विचारलं.

"शेतात असते. का हो?"

"रोज दुपारी हे चालणं दाखवतंय. यंत्र चुकतंय. ही माहिती आम्ही धरणार नाही."

त्या गेल्या.  केशरबाई आत गेली.

"आत्याबाई, उठा."

गोजरबाईनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"माझा बाप मेला, तवा तुम्हाला सोडून त्याचं तोंड बघायलाबी जाता न्हाई आलं मला. अन् तुम्ही चालून राह्यल्या?"

"दार लाव आधी," गोजरबाई म्हणाली.

केशरबाईनं कडी घातली. वळून पाहते तो सासू भिंतीला धरून उभी.

"पहिल्या साली खरंच लुळी होते," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "मंग पायात जीव आला. भुजंगला सांगणारच होते. त्याच दिवशी तो उशाशी बसून म्हणला, आई, तू जल्दी बरी हो, मंग केशरला कायमची माहेरी धाडून देतो."